निधान

सायकल जुनीच. बाबा हिच्यावरून साड्यांचे गठ्ठे
वडगावातून शहापूरच्या पेठेत पोचवायचे.
आता मागचं चाक जमिनीपासून चार बोटं वर,
शेजारच्या मागवाल्या बसाप्पानं
लोखंडी घोडीला वेल्डिंग करून उभी केलीय.
पैसे घेतले नाहीत. म्हणाला, हा मागच आहे, अक्का,
फक्त कापड निघत नाही.

वीस वर्षं ऐकलं: दमू नकोस.
बादली उचलू नकोस, जिना चढू नकोस,
स्नायू म्हणजे साबणाची वडी, जपून वापर.
परशरामनं माझ्याआधी ऐकलं, माझ्यापेक्षा नीट ऐकलं.
खाटेवर बसून त्यानं इतकं जपलं
की एके दिवशी उठायला गेला, तर
जपलेलं काहीच जागेवर नव्हतं.
(डॉक्टरांचा दोष नाही. तेव्हा सगळेच तसं सांगायचे.)

आई म्हणजे बाबांच्या मामाची मुलगी.
दोघं धट्टीकट्टी, शेंगांचं पोतं एकट्यानं उचलणारी,
दोघांच्या कनवटीला एकेक खोटं नाणं,
त्यांनाही न कळलेलं.
आम्हा दोघा भावंडांना जोडी मिळाली.
मधल्या सुमनला एकही नाही. ती धारवाडात कबड्डी शिकवते.

शिवलीला मॅडम हुक्केरीच्या. मराठी बोलतात,
पण आकडे कानडीत मोजतात.
तीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा.
दम लागावा, पण बोलता यावं.
पोटऱ्या दुखल्या तर दुखू देत,
लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर मात्र
थांबायचं, फोन करायचा.
आणि मी जोर केला की: निधान, निधान.

कानडीत निधान म्हणजे सावकाश.
आमच्यात निधान म्हणजे पुरलेला ठेवा.
मधला काना पुसला तर काय उरतं
ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

परशराम खुर्चीत, मांडीवर बाबांचं घड्याळ.
माझी नाडी तोच मोजतो. बोटं अजून शाबूत आहेत त्याची.
"कुठं पोचलीस?"
पिरनवाडी.
"देसूरच्या फाट्यावर ट्रक बघून जा."
मी बघते. समोर भिंत, कॅलेंडर,
भिंतीपलीकडं बसाप्पाच्या मागाची खटखट,
तिच्यावर पाय आपोआप पडतात,
वीज गेली की चुकतात.
पाटी कुठल्या लिपीत यावरून
इथं दगड फेकलेले आहेत लोकांनी.
माझ्या रस्त्याला पाटीच नाही.

सहा महिन्यांनी दवाखान्याच्या बोळात
सहा मिनिटं चालवून बघितलं.
आधीपेक्षा एकतीस पावलं जास्त.
रोग तिथंच आहे. मॅडमनी तेही सांगितलं,
मराठीत, निधान.
एकतीस पावलं म्हणजे आमच्या चुलीपासून
परड्यातल्या दोरीपर्यंत.
गेले. स्वतःची साडी वाळत टाकली.
चिमट्यापर्यंत हात पोचला नाही,
तो बसाप्पाच्या पोरीनं लावला.

गेल्या आठवड्यात मॅडमनी परशरामच्या पुढ्यात
टेबलावर नुसती पेडलं आणून बसवली.
हातानं फिरवायची.
दिवसभर तो त्यांच्याकडं बघत बसला.
संध्याकाळी फिरवली, दोन मिनिटं. उलटी.
"उलटी का रे?"
"तू जावलालीस," म्हणाला, दम खात,
"मी लोंढ्याहून येवलालो.
खानापूरला, पुलावर थांब."