परत

केपेच्या बाजारात, मासळीवाल्यांच्या पाठीमागे
जुनी नगरपालिका, लोकांच्या तोंडी अजून कामर.
जिना चढलं की संग्रहालय.
दाराला कुलूप. खडूने लिहिलेलं: किल्ली आयतू वेळीपकडे.
आयतू वेळीप समोरच्या हॉटेलात मिरची भजी खात होता.
"आलो," म्हणाला, आणि भजी संपवूनच आला.

खिडक्यांना काचा नाहीत, शिंपा आहेत.
त्यांच्यातून दुपार येते
पाणी घातलेल्या ताकासारखी,
आणि तिच्यात सगळ्या वस्तू जरा आजारी दिसतात.

सायकलींचे पत्र्याचे बिल्ले, तारेत ओवलेले.
दर वर्षी कर, दर वर्षी नवा बिल्ला.
"चारशे बारा माझ्या बापाचा," आयतू म्हणाला,
"सायकल मात्र त्याची नव्हती."
पुढे काही बोलला नाही.
मी बिल्ला उलटून पाहिला,
जणू मागे लिहिलेलं असेल.

भिंतीवर कोणी आदमिनिश्त्रादोर,
मिशा वाळवीने खाल्लेल्या.
खाली घंटा, जीभ नसलेली.
आफ्रिकेला गेलेली एक ट्रंक, परत आलेली,
आत डांबराच्या गोळ्या.

मग एक रिकामी काचपेटी.
चिठ्ठी आहे: कुडव, लाकडी, पितळी कडेचा.
कुडव नाही.
मला वाटलं, चोरी.
"मोरपिर्ल्याला गेलाय, देवळात.
नवं भात मोजायला. डालड्याच्या डब्याने मोजलेलं
देव मोजत नाही म्हणतात. सोमवारी येईल."

आणि वही उघडून दाखवली:
पाळणा. बार्रेतांच्या नातीसाठी. सात महिने.
समई. लग्न. दोन दिवस, तेल त्यांचं.
लाकडी पाय. तियात्र, तीन प्रयोग.
पायाच्या पुढे लाल शाईत: पट्टा तुटून आला.

माझ्या पिशवीत आईची आदोळी होती,
पात्याला वर्तमानपत्र, पाट अर्धा बाहेर.
मडगावच्या फ्लॅटमध्ये मिक्सर आहे.
आई नाही.
टेबलावर ठेवून म्हणाले, द्यायची आहे.

त्याने कागद सोडला,
अंगठा धारेवर आडवा फिरवला.
तसाच आई फिरवायची.
"धार आसा मगो, बाय."

खाली जाऊन नारळ आणला, उंबऱ्यावर फोडला,
आदोळी जमिनीवर मांडून
पाटावर एक पाय मुडपून बसला
आणि खवू लागला, सरकारी परिपत्रकावर.
हॉटेलातून गूळ आला.
जीभ नसलेल्या घंटेखाली बसून आम्ही खाल्लं.
तो बिल्ल्यांकडे पाहत होता, मी पात्याकडे.

मग त्याने वही ओढली.
आदोळी, एक. आली साडेतीन. परत चार.
कारणाच्या रकान्यापाशी पेन थोडं थांबलं
आणि त्याने नुसतं लिहिलं: धार.

चार पंचविसाच्या बसमध्ये ती माझ्या मांडीवर.
पुसायला विसरलो होतो.
वर्तमानपत्रातून नारळाचं दूध
हळूहळू साडीवर उतरत होतं.